जुन्या नाशकातल्या सायकलवाल्या काकांना, जरा उशिराच

काका नमस्कार,
तुम्ही मोबाईलवर भजनं ऐकता आणि भाच्याला फोन लावता, एवढंच, हे मला माहितीये. त्यामुळे हे पत्र तुमच्या नातीलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागणार. पण समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "ताई चहा घेता का" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी ती निळ्या ई-सायकलवाली. इंदिरानगर ते गंगापूर रोड रोज जाते-येते, गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून मोटारवाली घेतली. सोसायटीत एकजण कायम टोमणा मारतो की आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर भावांनी २०१५ साली आख्खी अमेरिका सायकलवर पार केली आणि तुला सिडकोचा चढ चढायला बॅटरी लागते. लागते बाबा, काय करू.

तर जुलैत, ज्या आठवड्यात गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं ना त्याच आठवड्यात माझी मोटार बंद पडली. डिस्प्ले चालू, चार्ज फुल, हँडलवरचा थ्रॉटल (मोटार पळवायची मूठ) पिळला तरी ढिम्म. जिथून घेतली तिथे नेली तर त्यांनी उघडून पण न बघता सांगितलं कंट्रोलर गेलाय, सहा हजार, पार्ट यायला तीन आठवडे, आणि पाण्यात चालवली म्हणजे वॉरंटी विसरा. मी विचारलं कंट्रोलर म्हणजे नक्की काय करतो तो, तर तो मुलगा हसला आणि म्हणाला मॅडम ते टेक्निकल असतं. हे सहा हजारापेक्षा जास्त लागलं मला, खरं सांगते. मग बारा दिवस ती चोवीस किलोची सायकल नुसत्या पायाने रेटली, गुडघ्याची पार वाट लागली, आणि त्यात रविवार कारंजाजवळ मागचं चाक पंक्चर. ढकलत ढकलत तुमच्या दुकानापर्यंत आले ती फक्त पंक्चर काढायला, बाकी काही अपेक्षाच नव्हती.

तुम्ही आधी म्हणालात "मी पायाच्या सायकलीचा माणूस, हे वायरीचं मला जमत नाही", आणि मग मागच्या चाकातल्या मोटारची ती वायर बघून चाक काढलंच नाहीत! टायर एका बाजूने सोडवला, ट्यूब तेवढीच बाहेर ओढली, पाण्यात धरली, भोक सापडलं, पॅच मारला, परत आत. मी आधी एकीकडे पंक्चर काढलं होतं तेव्हा त्याने चाक काढून मोटारची वायर ताणून ठेवली होती, वॉशर उलटे बसवले होते, ते पण तुम्हीच दाखवलंत.

आणि मग हवा भरून तुम्ही चाक फिरवलं आणि कान लावून थांबलात. खर्र खर्र. "ब्रेक धरतोय ताई." डावा लिव्हर पूर्ण मागे येतच नव्हता, दोन-तीन मिलिमीटर कमी, पावसाने केबल आतून गंजली होती. मी म्हटलं ते राहू दे हो काका, मोटारच बंद आहे. तुम्ही काही न बोलता भाच्याला फोन लावलात, तो अंबडला मोटार रिवाइंडिंगच्या कामाला, स्पीकरवर तो ओरडून विचारतोय "मामा, ब्रेकच्या लिव्हरमध्ये बारीक स्विच असतो, तो दबलेला राहिलाय का बघ", आणि तुम्ही लिव्हर अंगठ्याने पुढे रेटला आणि मला म्हणालात पिळा आता थ्रॉटल. मोटार फिरली!! मी तिथे रस्त्यात ओरडले, शेजारचा भांडीवाला बाहेर आला बघायला.

म्हणजे झालं काय होतं, गाडीला वाटत होतं की मी ब्रेक दाबून बसलेय, आणि ब्रेक दाबला की मोटार बंद करायची हेच त्या स्विचचं काम. कंट्रोलर, म्हणजे मोटारला वीज सोडणारा-तोडणारा डबा, बिचारा त्याचं काम बरोबर करत होता. वर बारा दिवस मी अर्धवट लागलेला ब्रेक ओढत फिरत होते, म्हणून जीव जात होता चढावर. नवीन केबल, वरची नळी, ऑइल, पंक्चर, सगळे मिळून दीडशे रुपये. मी म्हटलं त्या स्विचची वायरच काढून टाका ना कटकट नको, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही रागावलात. "ब्रेक मारताना मागून मोटार ढकलत राहिली तर?" बरोबर आहे, सॉरी.

पण मला आभार मानायचेत ते त्या दीडशे रुपयांसाठी नाहीच. पुढच्या रविवारी तुम्ही भाच्याला व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन बोलावलंत आणि मीटर माझ्या हातात दिलात. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत दहा सेल ओळीने, एकेक ४.२ ला फुल, म्हणजे एकूण ४२ यायला पाहिजे, माझे आले ४१.६. बॅटरी ठणठणीत. पंधरा मिनिटांत कळलं हो मला ते "टेक्निकल".

बाकी सांगितलेलं पण सगळं चालू आहे. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, थंड होऊ देते. गावी जाताना बॅटरी फुल करून ठेवायचे ते बंद, अर्ध्यावर ठेवते. वॉशिंग सेंटरचा फवारा बंद, ओल्या फडक्याने पुसते. मोटारची वायर जोडाच्या आधी थोडी खाली लोंबती ठेवलीये म्हणजे पाणी जोडात न जाता खाली गळतं. आणि मागच्या चाकाच्या नटवर माझ्याच नेलपॉलिशची रेघ मारलीत ना तुम्ही, नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल म्हणून (नट सुटला तर आस गरगर फिरून वायर पिळून तुटते, हे मी आता ऑफिसात सगळ्यांना ऐकवते, कोणी विचारलेलं नसताना). रोज सकाळी बघते. लाल रेघ सरळ आहे अजून.

फक्त चेन घसरायला लागलीये, मोटारवाल्या सायकलची लवकर ताणते म्हणाला होतात ते खरं निघालं. रविवारी येते. आणि तुमचा अठराचा पाना तुम्ही महिनाभर शोधताय असं नात म्हणाली, तो माझ्या पिशवीत आहे काका, तळाला, छत्रीच्या खाली. घेऊन येते.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई