अकरावीचे गणित आठवीच्या अवयवांवर अडते

महोदय,

दहावीनंतर गणित सोडणाऱ्या मुलांना विषयाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे पुष्कळ होतात. अकरावीला गणित घेऊनही पहिल्या घटक चाचणीनंतर 'विषय बदलून द्या' म्हणत येणाऱ्यांचे पेपर मात्र कुणी नीट पाहत नाही.

लिमिटचे (क्ष एखाद्या संख्येच्या अगदी जवळ जाताना राशीची किंमत कशाकडे जाते, ते काढण्याचे) साधे गणित घ्या: क्ष २ कडे जाताना (क्ष² − ४) ÷ (क्ष − २). विद्यार्थी थेट २ घालतो, शून्य भागिले शून्य येते आणि 'उत्तर शून्य' लिहून मोकळा होतो. वरच्या राशीचे (क्ष − २)(क्ष + २) असे अवयव पाडले, की एक अवयव छेदाबरोबर जातो आणि उत्तर ४ येते. अडले ते आठवीच्या अवयवांपाशी. लिमिट बिचारे फुकट बदनाम. वर्गमुळाची गणिते नववीतल्या छेदाच्या परिमेयीकरणावर (छेदातले वर्गमूळ घालवण्यावर) अडतात. (अ + ब) ÷ अ यातला 'अ' खोडून 'ब' उरवणारेही दर वर्गात भेटतात. त्यात पहिल्याच धड्यात कोन अंशांतून रेडियन या दुसऱ्या एककात जातो.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांनी सुरुवातीचे १२ तास उजळणीला द्यावेत: अवयव ३, अपूर्णांक व घातांक ३, करणी २, उरलेले ४ आलेख आणि फलनाला. आधी २० प्रश्नांची बिनगुणांची चाचणी घ्यावी, म्हणजे कुठे जास्त वेळ द्यायचा ते कळेल. प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांतून येणाऱ्यांसाठी हे तास पुन्हा घ्यावे लागतील. नेमके तेच मागे पडतात.

वाणिज्य शाखेत दुखणे वेगळे. तिथे 'गणित की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)' हा निर्णय बहुधा मित्र काय घेतोय त्यावर होतो. पुढे सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, गणित, संख्याशास्त्र आणि तर्क यांचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. त्यात किमान ४० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. बारावी वाणिज्यच्या गणितात वार्षिकी (समान हप्त्यांचा हिशेब), निर्देशांक, रेषीय समाश्रयण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज) असते, हे अर्ज भरतानाच सांगायला हवे. कला शाखेतही गणित घेता येते. अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांनी तर ते घ्यावेच, पण अनेक महाविद्यालयांत त्याची तुकडीच नसते.

विषय बदलण्याची मुदत उजळणीचे तास संपल्यावर ठेवावी, पहिल्या आठवड्यात नव्हे.

— कनिष्ठ महाविद्यालयांतील गणिताचे काही शिक्षक, पुणे