‘दिल्ली’चे १९४८ पूर्वीचे आयुष्य

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. प्रकृती बरी आहे. रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात राहतो. आज लिहायला बसलो तो आपल्या ‘दिल्ली’ युद्धनौकेपायी, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी आपल्या जहाजाचा इतिहास लिहून दिला होता. संपादकांनी ५ जुलै १९४८ पूर्वीचा सगळा मजकूर गाळला. कारण काय, तर त्या दिवशी ‘दिल्ली’ होऊन आपल्या नौदलात येण्याआधीची ‘अकिलीस’ परक्यांची!

मला हे फार लागले आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी ‘एक्झेटर’ आणि ‘एजॅक्स’ यांच्यासह तिने दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाबाहेर ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला गाठले, तेव्हा तिच्या तोफा सहा इंची आणि समोरच्या अकरा इंची. गोळ्याचे तुकडे नेम धरणाऱ्या मनोऱ्यात घुसले, तिच्यावरचे चौघे गेले, कॅप्टन पॅरींचे पाय जखमी झाले, तरी ती हटली नाही. चार दिवसांनी जर्मनांनी मॉन्टेव्हिडिओबाहेर आपले जहाज स्वतःच बुडवले. तेच पॅरी १९४८ मध्ये आपल्या नौदलाचे प्रमुख झाले. मग ते तरी परके कसे?

आणि ५ जानेवारी १९४३! पॅसिफिकमधल्या ग्वाडालकॅनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब मागच्या तोफमनोऱ्यावर पडला, तेरा जण ठार झाले, आणि पोर्ट्समथच्या दुरुस्तीत तो मनोराच उतरवला गेला. पुढे दोन मनोरे आणि मागे एकच, आठांऐवजी सहाच तोफा, असे जहाज आपल्या वाट्याला का आले, हे १९४८ पासून सुरुवात करून नव्या पोरांना कसे सांगायचे? ती मोकळी जागा आपण रोज ओलांडत होतो रे.

तुझे मत मला ठाऊक आहे: आपली लढाई म्हणजे १९६१ चे दीव, जिथे तिने पोर्तुगीजांवर तोफा डागल्या. यावरून मेसमध्ये आपण इतके हमरीतुमरीवर आलो की आचाऱ्याने दोघांनाही चहा दिला नाही! म्हणूनच संपादकांना तू लिही. मी लिहिले तर हट्ट ठरेल. दीवची बाजू घेणाऱ्यानेच आधीची पाने मागितली, तर त्यांना ऐकावे लागेल. मजकूर दिवाळीआधी छपाईला जाणार आहे, तेव्हा विलंब नको.

मुलीचे बाळंतपण सुखरूप झाले हे वाचून आनंद झाला. नातीचे नाव कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू