सूचना : दिवाळी अंकांच्या हंगामात फोल्डिंग मशीनवरील सभासदांसाठी

मंडळी, अंकांचे फर्मे (घडी घालून पानं होणारे छापील ताव) येऊ लागलेत आणि पाऊस अजून हटलेला नाही. दमट कागद फीडरमध्ये, म्हणजे मशीनला ताव पुरवणाऱ्या भागात, चिकटतो, दोन ताव एकदम ओढले जातात. लॉट लावण्याआधी ताव नीट फुलवून, झटकून, मगच ठोकून कडा सारख्या करून घ्या. छापखान्यातून आलेला आर्ट पेपर बोटाने घासून पाहा. शाई बोटाला लागली तर फोल्डिंग थांबवा, मालक कितीही घाई करो. मागच्या वर्षी मी "चालतंय" म्हणून ओला माल घेतला. रोलरवर शाई बसली आणि पुढच्या प्रत्येक फर्म्यावर ठसा उमटला. भरपाई अर्थात माझ्याच माथी.

१६ पानी फर्म्याला ३ घड्या, ३२ पानीला ४. चौथ्या घडीत आत हवा अडकून सुरकुती पडते, म्हणून आधीच्या घडीवर परफोरेशनचं (बारीक छिद्रं पाडणारं) चाक लावा. जाड कागदाचा ३२ पानी फर्मा शक्यतो घेऊच नका, १६-१६ करून मागा. रोलरचं अंतर डोळ्यांनी नाही, त्याच कागदाची पट्टी घालून ठरवा. पट्टी ओढताना हलका अटकाव जाणवला पाहिजे. मुखपृष्ठाचा जाड कागद आधी क्रीझ करून (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून) घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

अडकलेला ताव काढताना मेन स्विच बंद. लांब बाह्या, गळ्यातला गमछा, हातातली कडी नको. गार्ड (संरक्षक झाकण) काढून मशीन चालवायला कोणी सांगितलं तर ग्रुपवर कळवा, आपण मिळून बोलू.

रात्रपाळीला जाणाऱ्यांनी आपली नावं आजच टाका.