मीटर नसलेल्या घराचाही विचार व्हावा

मा. संपादक,

पाऊस सुरू झाला की माडाची झावळ तारेवर पडून वीज गेल्याच्या तक्रारी आपल्या दैनिकात येऊ लागतात. त्यासोबत हल्ली एक सल्लाही सर्रास ऐकू येतो: सोलर बसवा आणि वीज खात्याचे कनेक्शन तोडून टाका. दुसरीकडे कनेक्शनशिवाय घर चालवणे बेकायदा आहे, असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यांचा फटका बसतो तो गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या अशा घरांना, ज्यांच्यापर्यंत खांब पोचलेलाच नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम ७ नुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. कलम ९ नुसार स्वतःच्या वापरासाठी संच उभारता येतो. कनेक्शन घेतलेच पाहिजे अशी सक्ती या कायद्यात नाही. कलम ४३ चे बंधन आहे ते खात्यावर, मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केला की वीज देण्याचे. २५० वॉट आणि १०० व्होल्टपेक्षा जास्त वीज वापरण्याआधी विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना सात दिवसांची लेखी सूचना देण्याची अट कलम ५४ मध्ये आहे खरी, पण ती रस्ता, कारखाना, खाण आणि शंभर किंवा जास्त माणसे जमतात अशा जागांना लागू होते. साध्या राहत्या घराला ती नाही. देवस्थानाचे सभागृह स्वतःच्या सोलरवर चालवणाऱ्या समित्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी.

अडचण सुरू होते ती वीज कुंपणाबाहेर गेली की. चार घरांच्या वाड्याने मिळून एक संच बसवला आणि एकाने बाकीच्यांकडून युनिटमागे पैसे घेतले, तर ते वितरण ठरते आणि कलम १२ प्रमाणे त्याला परवाना लागतो. यातून वाट आहे. कलम १४ नुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात निर्मिती आणि वितरण एकत्र करणाऱ्याला परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. कलम १३ खाली सरकारच्या शिफारशीवरून वीज नियामक आयोग पंचायत, सहकारी संस्था किंवा ग्राहकांच्या संघाला सूट देऊ शकतो. दूरच्या वाड्यांसाठी हाच मार्ग सर्वांत स्वस्त पडेल, आणि तरी त्याची चर्चा ग्रामसभेत होत नाही याचे वाईट वाटते.

खांब का पोचत नाही, हेही पाहायला हवे. बहुतेक वेळा तार शेजाऱ्याच्या भाटातून (माडांच्या बागेतून) न्यावी लागते आणि तो ना हरकत देत नाही. अर्ज तिथेच धूळ खात पडतो. प्रत्यक्षात २००६ च्या वर्क्स ऑफ लायसेन्सीज (वीज परवानाधारकांच्या कामांबाबतच्या) नियमांत याची सोय आहे: जमीनमालकाने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन काम करता येते. अर्जदाराने खात्याकडे तोंडी विनवण्या करत बसू नये. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे, अशी लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. घर जंगलात असेल तर वनहक्क कायदा २००६ चे कलम ३(२) पाहावे. ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे पडणार नसतील तर, वीजवाहिनीसाठी मिळू शकते. त्याच यादीत अपारंपरिक ऊर्जेचा स्रोतही आहे, म्हणजे सरकारी व्यवस्थेतल्या सामायिक सोलर संचालाही तीच वाट मोकळी आहे.

आता अनुदान. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळतात. पण अर्ज भरताना पहिली गोष्ट लागते ती वीज खात्याचा ग्राहक क्रमांक. ज्याच्याकडे तार आहे त्याला पैसे, ज्याच्याकडे तारच नाही त्याला या योजनेतून काही नाही. विशेष म्हणजे कुसुम योजनेचा दुसरा घटक खास ऑफ-ग्रीड (खात्याच्या तारेला न जोडलेल्या) कृषिपंपांसाठी आहे. विहिरीवरच्या पंपाला अनुदान मिळते, त्याच कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) घराला सूर्यघरचे मिळत नाही. हा भेद कोणत्या न्यायाने?

आणि ज्यांच्याकडे कनेक्शन आहे, त्यांनी ते तोडू नये. कारण गोव्याच्या पावसात आहे. १ किलोवॉट पॅनल मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला साधारण ५ युनिट देते, जुलैत सरासरी २, आणि झड लागली की एकसुद्धा नाही. चार माणसांच्या घराचा हिशेब मांडू. एलईडी दिवे ०.४ युनिट, ३० वॉटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास १.२, फ्रीज १.२, विहिरीचा अर्धा एचपी पंप तासभर ०.६, टीव्ही, मिक्सर, फोन, राउटर ०.५. झाले जवळपास ४ युनिट. पंखे जुने ७५ वॉटचे असतील तर एकट्या पंख्यांचेच ३ युनिट होतात, म्हणून पॅनल घेण्याआधी पंखे बदलावेत. इतक्या घराला ५४० वॉटची सहा पॅनल, ५ केव्हीए इन्व्हर्टर आणि सुमारे १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते. एवढे करूनही ती बॅटरी दोन दिवस पुरते. सलग पाच दिवस अंधारून आले तर जनरेटर किंवा तार, दोन्हींपैकी एक हवेच. इन्व्हर्टर मोठा घ्यायचा तो पंपासाठी. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर नेमका तेव्हाच ट्रिप होतो.

स्वस्त म्हणून ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी घेणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे. ती निम्म्याखाली उतरवू नये, आणि जून-जुलैत आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्ज राहिली की प्लेटींवर सल्फेटचा थर बसतो. बॅटरी मग चतुर्थीच्या सुमारास मान टाकते. विकणाऱ्याला दोष दिला जातो, पण दोष पॅनल कमी घेण्याचा असतो.

छपरावर सोलर असूनही वीज गेली की घर अंधारात, ही तक्रारही नेहमीची. ग्रीडला (खात्याच्या तारेला) जोडलेला साधा इन्व्हर्टर तार मेली की दोन सेकंदांत स्वतःला बंद करतो आणि ते योग्यच आहे, कारण त्या क्षणी खांबावर लाइनमन असू शकतो. वीज गेल्यावरही घर चालायला हवे असेल तर बॅकअप आउटपुट असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि मध्ये फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर (घर तारेवरून बॅकअपवर नेणारा स्विच). जनरेटरची पिन सॉकेटमध्ये खोचून घर चालवणारे आजही आहेत. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे चढून ११ हजार व्होल्ट होते आणि मेलेली समजून धरलेल्या तारेतून माणसाचा जीव घेते. मंजुरी न घेता ग्रीड इन्व्हर्टर लावणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो: नेट मीटर (आलेली आणि गेलेली वीज वेगळी मोजणारा) नसेल तर बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेले युनिटही वापरलेले म्हणूनच मोजतात आणि बिल वाढते. मंजुरी आता अवघडही नाही. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर समजायचे आहेत.

पूर्ण ऑफ-ग्रीड घरात एक धोका सहसा कुणी सांगत नाही. अशा इन्व्हर्टरचा न्यूट्रल आतून मोकळा, म्हणजे अर्थला न जोडलेला, असू शकतो. तो एका जागी अर्थला जोडला नाही, तर आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवूनही शॉक लागल्यावर तो उडत नाही. काही इन्व्हर्टर हे जोडकाम स्वतः करतात, काहींत बाहेरून करावे लागते. दोन जागी मात्र जोडू नये. कंपनीचे पुस्तक वाचावे आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्यावे. टेस्ट बटण दाबून आरसीसीबी उडाला म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. ते बटण अर्थच्या वाटेची परीक्षा घेतच नाही. पॅनलच्या बाजूला डीसीचेच एमसीबी हवेत. सहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी होतात आणि एसीचा एमसीबी ती ठिणगी तोडू शकत नाही, जळतो. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग चांगले लागत नाही. सळई ठोकली म्हणजे काम झाले असे धरू नये. मीटरने मोजून ५ ओहमच्या आत आहे का ते एप्रिलमध्ये पाहावे, जमीन सुकलेली असताना. वळवाच्या विजा तेव्हाच पडतात.

मंगळुरी कौलांच्या छपरावर पॅनलचा भार वाशांवर यायला हवा. कौलाला भोक पाडून बसवलेला बोल्ट दोन पावसांत गळतो. समुद्राजवळ नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. पॅनलचा उतार १५ अंश, दक्षिणेकडे. आणि माडाची सावली! सकाळी एका पॅनलवर झावळीची सावली पडली की सगळी रांग मंदावते. माड तोडू नये, रांगा वेगळ्या कराव्यात.

सरकारकडे मागणी तीनच गोष्टींची आहे. जिथे तार नेणे शक्य नाही असे वीज खात्यानेच लेखी दिले, त्या घराला सूर्यघरइतकीच रक्कम राज्याने ऑफ-ग्रीड संचासाठी द्यावी, बॅटरीसह. कलम १४ खाली कोणते भाग ग्रामीण म्हणून अधिसूचित आहेत, त्यांची यादी प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावी, आणि नसतील तर दूरच्या वाड्यांपासून सुरुवात करून अधिसूचित करावेत. तिसरी मागणी माफक आहे: बॅटरी आणि इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येक घराची, मीटर असो वा नसो, मे महिन्यात एकदा मोफत अर्थिंग आणि चेंजओव्हर तपासणी व्हावी. जूनच्या पहिल्या वादळात खांबावर चढणारा लाइनमन आपल्याच गावचा असतो.

आपला,
वीजक्षेत्रात काम करणारा एक वाचक, फोंडा