साडेपस्तीसचा अणू

चोपडा, रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "पप्पा, क्लोरिनचा अणुभार साडेपस्तीस कसा? अर्धा न्यूट्रॉन असतो का?" शेतीची लाइट रात्रीची होती, मी मोटर चालू करायला निघालो होतो, म्हणून नीट बोललो नाही.

साडेपस्तीसचा अणू कुठेच नसतो. क्लोरिनचे अणू दोन वजनांचे, फरक फक्त न्यूट्रॉनच्या संख्येचा. चार अणू घेतले तर साधारण तीन 35चे, एक 37चा. बेरीज 142, भागिले चार. पण हे कळलं कसं, खरी मजा त्यात आहे.

आबा खळ्यावर दादर ज्वारी उपणायचे, आठवतं? पाटी उंच धरायची. दाणा पायाशी, भूस लांब. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू-रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, जवळपास तेच करतो, वाऱ्याच्या जागी चुंबक. पदार्थाची वाफ करून तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो, उरतो धन आयन. व्होल्टेज देऊन तो पळवायचा आणि चुंबकासमोरून काढायचा. हलका जास्त वळतो, जड कमी. प्रभार नसलेल्याला चुंबक ओळखतच नाही. कुठल्या वस्तुमानाचे आयन किती, ते यंत्र आलेखावर रेघांनी दाखवतं; रेघ उंच तितके आयन जास्त. दुहेरी प्रभाराचा आयन निम्म्या वस्तुमानाच्या जागी उमटतो, म्हणून आलेखाखाली वस्तुमान भागिले प्रभार लिहितात. हे विसरू नकोस. आणि खळ्याला वारा लागतो, इथे हवाच नको. हवेच्या रेणूंना धडकत आयन पोचणार कसा?

केंब्रिजला ॲस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने 1919मध्ये असं यंत्र बांधलं. निऑनचे 20 आणि 22, क्लोरिनचे 35 आणि 37 वेगळे दिसले. 1922चं रसायनाचं नोबेल त्यालाच.

केळी पिकली की घरभर सुटतो त्या वासात आयसोअमाइल ॲसिटेट असतं. रेणुभार 130, पण आलेखात 130ची रेघ शोधून सापडत नाही. सगळ्यात उंच 43ची. माऱ्यात रेणू फुटतो, आणि 43 हा त्याचा ॲसिटाइल तुकडा. फुटलेल्या खापऱ्यांवरून माठ ओळखायचा, तसं. मला तरी हा भाग उपणणीहून जास्त आवडतो.

आता तुला काम. क्लोरिनच्या रेणूत अणू दोन. मग अख्ख्या रेणूच्या रेघा तीन का, आणि उंची 9:6:1 का? कागदावर काढून आण. शनिवारी येतोयस ना? मम्मीने बामणोदची वांगी भरतासाठी ठेवली आहेत.

तुझा,
पप्पा