हँड्स-ऑन म्हणे!

संपादक महोदय,

माझी मुलगी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय, परवा ती जीवाणूंच्या जीनोम सिक्वेन्सिंगच्या (म्हणजे त्यांचा सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचण्याच्या) वर्कशॉपला गेली होती, पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'हँड्स-ऑन', म्हणजे स्वतःच्या हातानं करून शिकायचं, असं लिहिलेलं. फोंड्याहून भल्या सकाळची कदंबा बस पकडून गेली आणि दिवसभर काय तर स्लाइड्स, मशीन लांबूनच दाखवलं, पिपेट हातात मिळालं ते फोटोपुरतं! सर्टिफिकेट मात्र छान रंगीत.

खरं तर शिकायला जीवाणूच सोयीचे. १९९५ साली हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूचा अख्खा जीनोम वाचला गेला तो साधारण १८ लाख अक्षरांचा, ई. कोलायचा ४६ लाखांच्या आसपास, आणि माणसाचा तीनशे कोटी, म्हणजे जीवाणूचं बरंचसं काम बऱ्यापैकी लॅपटॉपवर होतं, सॉफ्टवेअर बहुतेक फुकट, सरावाला डेटाही नेटवर फुकट. डीएनए वाचणारं नॅनोपोअरचं छोटं मशीन तर मुठीत मावतं, यूएसबीला जोडायचं.

घाम निघतो तो डीएनए स्वच्छ काढताना, रीड्सची (मशीननं वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची) क्वालिटी तपासताना, तुकडे जुळवून अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन शोधताना. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर एक स्पेस चुकली की एरर, आणि ती आपली आपण शोधल्याशिवाय डोक्यात बसत नाही (मुलगी आता घरी यूट्यूब बघून तेच करतेय, रात्री एकपर्यंत).

तेव्हा आयोजकांनो, शंभर जणांना हॉलमध्ये बसवण्यापेक्षा पंधराच घ्या पण चार-पाच दिवस घ्या, प्रत्येकाला स्वतःचं सॅम्पल द्या, आणि दोन-तीन जागा हॉस्पिटलच्या लॅब टेक्निशियनना ठेवा. फी थोडी जास्त घेतलीत तरी चालेल.

- एक पालक, फोंडा