बेस म्हणजे नुसती 'चार तारांची गिटार' नव्हे

संपादक महोदय,
वाद्यांवरच्या आपल्या लेखात बेस गिटारला 'चार तारांची गिटार' म्हणून एका ओळीत उरकलंय, म्हणून हा पत्रप्रपंच. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या दोन बेस आहेत. एक प्रिसिजन, १९५१ पासून चालत आलेली जात. दुसरी जॅझ, १९६० ची. तारेची वाजणारी लांबी दोन्हींची ३४ इंचच, पण जॅझची मान नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, जेमतेम दीड इंच रुंद. माझ्या आखूड बोटांना तीच मानवते. तिची एक खोड मात्र आहे. तारांचा कंप टिपणारे चुंबकी पिकअप तिला दोन. दोन्हींचे आवाज पूर्ण उघडे असले तर ती शांत. एकाची कळ जरा खाली फिरवली की कोपऱ्यात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण सुरू! प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा आहेत, चार वर्षांत बदललेल्या नाहीत. बोट घासल्याचा आवाज नाही, नुसता गोल ठोका. ड्रमवाल्याला विचाराल तर तो हिलाच मत देईल. मित्राची पाच तारांची आहे. ती घेतली की माझा अंगठा सवयीने सर्वांत वरच्या, म्हणजे तिच्या जादा जाड बी तारेवर जातो नि गाणं पहिल्याच मात्रेला घसरतं. तो हसतो. हसू दे, त्या जड बेसच्या पट्ट्याचे वळ त्याच्याच खांद्याला आहेत.
— एक हौशी बेसवादक